भिंत पाण्याची हवी

आमच्या प्रकल्पाला लागणारा दाब होता आठ सेंटिमीटर पाण्याचा. नेहमीच्या दाबमापकावर तो दिसतच नाही. दहा बारचा गेज लावला तर काटा शून्यावरून हलत नाही, आणि नवीन आलेला इंजिनिअर हमखास लाइन उघडून बघतो की कुठे तुंबलंय का. त्याच मजल्यावर, पार्टिशनच्या पलीकडे, क्रीम-लोशनवाल्यांचा होमोजिनायझर दीडशे बारवर घुमत असायचा. आमच्या दाबाच्या जवळजवळ वीस हजार पट. तो चालू असला की आमच्या बाकावरच्या बाटल्या किणकिणायच्या. करत मात्र दोघंही एकच होतो: तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरवायचे आणि ते परत एकत्र येऊ द्यायचे नाहीत. रसायनशास्त्रात याला इमल्शन म्हणतात, दूधही त्यातलंच.

लोशनवाल्यांची रीत सरळ आहे. तेल आणि पाणी एकत्र घाला आणि एवढ्या जोरात घुसळा की थेंब फुटून बारीक होतील. फुटणाऱ्या वस्तूचे तुकडे सारखे होत नाहीत. एक थेंब पात्याच्या अगदी जवळून जातो, दुसरा लांबून. एकाचे दहा तुकडे होतात, एकाचे दोन. लोशनला त्याने काही बिघडत नाही. हातावर चोळायचंच आहे. आमची, मेंब्रेनची, रीत उलटी. थेंब फोडायचाच नाही. एका सच्छिद्र भिंतीच्या एका बाजूला तेल ठेवायचं, दुसऱ्या बाजूने पाणी वाहतं ठेवायचं, आणि तेलाला मागून अगदी हलका रेटा द्यायचा. प्रत्येक छिद्राच्या तोंडाशी थेंब फुगतो, वाहतं पाणी त्याला ओढतं, एका ठरावीक आकाराला तो सुटतो आणि त्याच जागी पुढचा यायला लागतो. छिद्रं सारखी असतील तर थेंब सारखे. निदान कागदावर तरी.

आम्हाला सारखे थेंब का हवे होते ते सांगते. आमचं काम होतं दीर्घकाळ पुरणाऱ्या इंजेक्शनचं. मनोविकारांवरची काही औषधं अशी असतात की रुग्णाला बरं वाटायला लागलं की तो गोळ्या सोडतो, आणि मग आजार परततो. त्यासाठी औषध एका विरघळत जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून दंडात किंवा कुल्ल्यात टोचायचं. ते प्लॅस्टिक शरीरात हळूहळू झिजतं आणि औषध थोडं थोडं सुटत राहतं. रिस्पेरिडोनचं अशा प्रकारचं, दोन आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन 2003 साली अमेरिकेत मंजूर झालं. प्लॅस्टिक म्हणजे पीएलजीए: लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांची साखळी, जी शरीरात तुटून परत त्याच आम्लांत जाते.

कृती अशी: औषध आणि पीएलजीए डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवायचं, त्याचे थेंब पाण्यात करायचे, आणि डायक्लोरोमिथेन उडून जाऊ द्यायचं. ते चाळिसेक अंशांनाच उकळतं, त्यामुळे सहज जातं. उरते ती घट्ट गोळी. म्हणजे आमचं ‘तेल’ हे स्वयंपाकघरातलं तेल नव्हतंच. पाण्यात न मिसळणारं जे काही, त्याला या धंद्यात तेल म्हणायचं. त्यातून हे तेल पाण्याहून जड, घनता 1.33. तरंगायच्या ऐवजी बुडतं. याचा त्रास पुढे यायचा आहे.

गोळी मोठी झाली तर सुईत अडकते. फार लहान झाली तर औषध पहिल्या एक-दोन दिवसांतच भसकन सुटतं. म्हणून चाळायचं. मिक्सरने केलेला माल चाळला की दोन्ही टोकांचा बराचसा भाग कचऱ्यात जायचा, आणि तो कचरा म्हणजे औषधच. मेंब्रेनचा खर्च कोणी मंजूर केला असेल तर त्या चाळणीवर उरणाऱ्या ढिगाने.

आकाराचा हिशेब मला आवडायचा. द्रावणात दहा टक्के पीएलजीए असेल तर द्रावक उडून गेल्यावर थेंबाचं आकारमान तेराव्या हिश्श्याच्या आसपास येतं, आणि व्यास निम्म्याहूनही कमी. पस्तीसेक मायक्रॉनची गोळी हवी तर ऐंशी मायक्रॉनचा थेंब पाडायला हवा. थेंब छिद्राहून नेहमी मोठा असतो; आम्ही वापरत होतो त्या काचेच्या मेंब्रेनला तो साधारण सव्वातीन पट येतो. म्हणजे छिद्र पंचवीस मायक्रॉनचं. आणि छिद्रातून तेल बाहेर पडायला लागणारा दाब म्हणजे तेल-पाण्याच्या सीमेवरच्या ताणाची चौपट भागिले छिद्राचा व्यास. आमचा ताण मीटरला पाच मिलिन्यूटनच्या घरात. भागाकार केला की 800 पास्कल. हेच ते आठ सेंटिमीटर.

मेंब्रेन जपानहून आलं होतं: बोटाएवढ्या जाडीच्या, मिलिमीटरभर भिंतीच्या पांढऱ्या नळ्या, स्पंजात बसवून. त्यांचं नाव शिरासू पोरस ग्लास. क्यूशू बेटाच्या दक्षिणेला, कागोशिमा आणि मियाझाकी भागात, सुमारे तीस हजार वर्षांपूर्वी आयरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि त्याच्या राखेचे जाड थर साचले. त्या राखेला तिथे शिरासू म्हणतात. भाताला ती जमीन चालत नाही, पाणीच धरत नाही. तिथला शेतकरी रताळी लावतो. मियाझाकी प्रांताच्या सरकारी प्रयोगशाळेत तादाओ नाकाशिमा आणि मासाताका शिमिझू यांनी 1981 च्या सुमाराला या राखेपासून सच्छिद्र काच बनवली. राखेत चुना आणि बोरिक आम्ल घालून वितळवायचं, नळी ओढायची, मग ती सहाशे-सातशे अंशांना तासन्‌तास ठेवायची. त्या तापात काचेतले दोन घटक एकमेकांपासून वेगळे होऊन एकमेकांत गुंतलेल्या दोन जाळ्या बनतात. आम्लात बुडवलं की बोरॉनवाली जाळी विरघळून जाते, सिलिका-ॲल्युमिनाची उरते. छिद्र किती मोठं, हे भट्टीतल्या तापमानावर आणि वेळेवर ठरतं. याच काचेतून तेल ढकलून इमल्शन करण्याची कल्पनाही तिथलीच, त्याच दशकातली.

आमच्या एका सहकाऱ्याला हे वाचून स्फुरण चढलं: आपल्याकडे एवढा सह्याद्री उभा आहे, तो का नाही? कारण बसाल्टात सिलिका निम्म्याच्या आसपास असते, शिरासूत सत्तर टक्क्यांच्या घरात, आणि आपल्या दगडात लोखंड भरपूर. त्याने एक दगड खरंच आणला होता. तो बरेच दिवस कागदावर वजन म्हणून वापरात होता.

आठ सेंटिमीटरचा दाब सांभाळणं हे दीडशे बार सांभाळण्यापेक्षा कठीण असतं, हे मला प्रत्यक्ष करेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. डायक्लोरोमिथेन जड असल्यामुळे त्याची बाटली नुसती सहा सेंटिमीटर वर उचलली की तेवढा दाब तयार होतो. म्हणजे सिलिंडर, रेग्युलेटर हे सगळं बाजूला. बाटली कुठल्या उंचीवर ठेवली आहे, यावर प्रयोग. आम्ही ती स्क्रूच्या जॅकवर ठेवायचो आणि पट्टीने मोजायचो. बाटलीतली पातळी खाली जाईल तसा जॅक वर. बघणाऱ्याला वाटावं, यांच्याकडे पैसे नाहीत म्हणून असलं करतात.

नळी उभी लावायची की आडवी, हा प्रश्नही असाच. चित्रांत ती उभी दाखवतात. पण बाहेरून जड द्रावण आणि आतून पाणी, आणि नळीची उंची साडेबारा सेंटिमीटर, तर वरच्या टोकापेक्षा खालच्या टोकाला 400 पास्कल जास्त मिळतात. आपला सगळा दाब आठशेचा. म्हणजे वरची छिद्रं झोपलेली असतात तेव्हा खालची धार सोडायला लागलेली असतात. धार लागली की संपलं; तिचे तुकडे कसेही पडतात. आमची नळी आडवी झाली ती कायमची.

बाकी मग नेहमीच्या कटकटी. डायक्लोरोमिथेन साध्या रबराच्या ओ-रिंगा फुगवतं. फुगलेली रिंग काचेच्या नळीचं टोक चेपते आणि नळी टचकन तडकते. तो आवाज लहान असतो, पण त्यावर खोलीतले सगळे वळून बघतात. टेफ्लॉन चढवलेल्या रिंगा येईपर्यंत काम थांबलं. हातमोज्यांचंही तसंच. निळे नायट्राइलचे मोजे घालून माणसाला आपण सुरक्षित आहोत असं वाटतं, पण हे द्रावक काही मिनिटांतच त्यांतून आत येतं. बोटांना आधी गार लागतं, मग चुरचुरतं. पंपाचं दुखणं वेगळं. पेरिस्टाल्टिक पंप पाणी ठोके देत पुढे ढकलतो, आणि तो ठोका थेंबांच्या आकारात उतरतो. गियर पंप लावला तेव्हा कुठे आलेख सरळ आला.

आणि पीव्हीए. थेंबांनी एकमेकांना चिकटू नये म्हणून पाण्यात एक टक्का पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घालायचं. घाईने गरम पाण्यात टाकलं की पावडरीच्या गुठळ्या होतात, बाहेरून चिकट आणि आत कोरड्या, आणि त्या मग दिवसभर ढवळून सुटत नाहीत. गार पाण्यात आधी ओलं करायचं, हळूहळू ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत न्यायचं, स्वच्छ झालं की गार करून गाळायचं. न गाळलेला एक कण नळीच्या तोंडाशी जाऊन बसतो आणि आपण तो पंपात शोधतो.

हे सगळं जमलं की जे दिसतं, ते खरोखर बघण्यासारखं असतं. काचपट्टीवर एक थेंब घ्यायचा, वर कव्हर स्लिप, दहाचं भिंग. गोल आणि गोल. सारखे इतके की ते आपोआप षटकोनी रांगा लावून बसतात, कारण एकाच मापाच्या गोलांना दाटीने बसायची तीच रीत सोपी पडते. मिक्सरच्या मालात हे कधीच दिसत नाही. तिथे मोठ्यांच्या फटींत लहान घुसलेले असतात. लेझरच्या यंत्रावर आकाराचा पसारा मोजायचं एक माप आहे, स्पॅन म्हणतात: नव्वद टक्क्यांचा आकार वजा दहा टक्क्यांचा, भागिले मधला. मिक्सरचा दीड-दोन यायचा. मेंब्रेनचा 0.4. आमचे सर त्या आकड्याची प्रिंट काढून वर घेऊन गेले.

पण त्याच नळीवर पुढची बॅच केली की आकडा 0.6. त्यापुढची 0.9. थेंब मोठे व्हायचे, मग काही जुळे, मग मध्येच एखादा अजस्र. दाब तोच, पाणी तेच, पीव्हीए त्याच डब्यातलं. ताण मोजून पाहिला, तोही तोच. नळी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, छिद्रं मोकळी. नवी नळी लावली की पहिल्या बॅचला 0.4. जपानी नळीची किंमत लक्षात घेता दर बॅचला नवी, हे उत्तर होऊ शकत नव्हतं.

आमच्याकडे पायलट प्लांटचे एक ऑपरेटर होते, संगमनेरकडचे. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. लग्नसराईत ते रजा टाकून भावाच्या आचारीकामाला हातभार लावायला जायचे. आमचे आलेख पडद्यावर चाललेले असताना ते दाराशी उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “मॅडम, बुंदीला असंच होतं. झाऱ्याची भोकं मोकळी असून चालत नाही. खालच्या अंगाला पीठ चिकटलं की बुंदी शेपटाची पडते, नाहीतर एकात एक. दर घाण्याला झारा पुसून घ्यायला लागतो. तुम्ही झारा पुसता का?”

भोकांकडे सगळे बघतात. छिद्राचा आकार कॅटलॉगात छापलेला असतो, त्यावर पैसे आकारतात. पण थेंब कुठे थांबेल हे छिद्राच्या कडेभोवतीची भिंत ठरवते. तिला पाणी आवडत असेल तर ती कायम पाण्याने ओली राहते, तेलाला तिथे पाय ठेवायला जागा मिळत नाही, आणि थेंब छिद्राच्या काठाला बांधलेला राहून गोल वाढतो. त्या भिंतीवर तेलाची, चरबीची, प्लॅस्टिकची नुसती पुसट साय जरी बसली तरी तेल काठ ओलांडून पसरतं. मग ते शेजारच्या छिद्रातल्या तेलाला भेटतं. दोन छिद्रांचा मिळून एक थेंब, दहांचा मिळून एक डबकं. आमची नळी छिद्रांत तुंबली नव्हतीच. प्रत्येक बॅचनंतर थोडं पीएलजीए आतल्या भिंतीवर सुकत होतं, आणि भिंत तेलाच्या बाजूला जात होती.

काच ही तशी पाण्याच्या बाजूची. पाण्यात तिच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. यातूनच दुसरी एक गंमत उद्भवते, जी लोशनवाल्यांनी आम्हाला अनुभवायला दिली. मेंब्रेनची कीर्ती ऐकून ते एक दिवस हेअर कंडिशनरचं तेल घेऊन आले: याचेही सारखे थेंब करून द्या. कंडिशनरमध्ये वापरतात ते सर्फॅक्टंट धन भाराचं असतं. केसांवर ऋण भार असतो म्हणूनच ते केसांना चिकटून बसतं. तेच कारण काचेलाही लागू. रेणूचं भारित डोकं काचेला चिकटतं आणि तेलकट शेपूट बाहेर राहतं. काही मिनिटांत अख्खी भिंत शेपटांनी मढते. पंप चालू केल्यावर पहिले काही थेंब ठीक, आणि मग नळीतून तेलाची सलग चादरच बाहेर आली. कंडिशनरवाले म्हणाले, मशीन बिघडलंय. मशीन अगदी शास्त्राला धरून वागत होतं.

तेव्हापासून आमच्या कामाचं खरं स्वरूप ठरलं: धुणं. बॅच संपली की नळी क्षणभरही सुकू द्यायची नाही. सुकली की छिद्रात प्लॅस्टिक बसलं. आधी ॲसिटोन, कारण ते पाण्यालाही ओळखतं आणि द्रावकालाही, आणि पीएलजीए विरघळवतं. मग ताजं डायक्लोरोमिथेन, परत ॲसिटोन, मग पाणी, मग अल्ट्रासॉनिक बाथ. काचेच्या नळीचा एक मोठा फायदा असा की अगदीच हट्टाला पेटली तर ओ-रिंगा काढून तिला भट्टीत पाचशे अंशांना ठेवता येतं. सेंद्रिय जे काही असेल ते जळून जातं आणि काच परत मूळच्या स्वभावाला येते. फक्त तापवायचं आणि निववायचं सावकाश. सोडा किंवा कॉस्टिकचा मोह टाळायचा. कारखान्यात धुणं म्हटलं की हात आधी कॉस्टिककडे जातो, पण ही काच अल्कलीत झिजते. छिद्रं रुंदावतात आणि मग स्पॅनचा आकडा कशाने बदलला हेही कळेनासं होतं. आम्लाचं तिला काही वाटत नाही.

धुऊन झाल्यावर नवी बॅच घेण्याआधी नळी रात्रभर पाण्यात, आणि सकाळी परत अल्ट्रासॉनिक, कारण छिद्रात अडकलेला हवेचा बुडबुडा हा प्लॅस्टिकइतकाच वाईट. काकांनी मध्ये स्वतःची एक तपासणी घुसवली होती. धुऊन सुकवलेल्या नळीच्या टोकावर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब टाकायचा. नळीने तो लगेच प्यायला तर पास. थेंब टेकून उभा राहिला, नुसता क्षणभर जरी, तर परत धुवायला.

आता सरांचा प्रश्न. त्यांना कुठेतरी वाचायला मिळालं की एका वेळी मेंब्रेनची सगळी छिद्रं काम करत नाहीत. किमान दाबाच्या जरासंच वर चालवलं तर शेकड्यातली मोजकीच थेंब पाडत असतात. हे खरं आहे, जर्मनीतल्या कार्ल्सरूच्या संशोधकांनी ते मोजलेलं आहे. सरांचं म्हणणं, पैसे सगळ्या छिद्रांचे दिलेत ना? मग दाब वाढवा. पण या काचेत निम्म्याहून जास्त जागा पोकळ आहे. छिद्रं एकमेकांना खेटून. सगळी एकदम कामाला लागली तर ऐंशी मायक्रॉनच्या थेंबाला फुगायला जागाच नाही. बाकीची गप्प बसतात म्हणून ही काम करते. सरांना ते पटलं, पण आवडलं नाही.

आवडण्यासारखं नव्हतंच. साडेबारा सेंटिमीटरच्या नळीचं क्षेत्रफळ जेमतेम चाळीस चौरस सेंटिमीटर. थेंब चांगले पडतील अशा बेताने चालवलं तर तासाला ऐंशी मिलिलिटर द्रावण जातं, म्हणजे सात-आठ ग्रॅम सुका माल. किलोभराला सव्वाशे तास. सरांनी हे गणित फळ्यावर स्वतः केलं आणि खडू ठेवून दिला.

या पद्धतीवरच्या लेखांमध्ये एक वाक्य हटकून येतं: होमोजिनायझरला घनमीटरमागे दहा लाख ते दहा कोटी जूल लागतात, मेंब्रेनला दहा हजार ते दहा लाख, म्हणून ही पद्धत ऊर्जा वाचवते. आकडे बरोबर आहेत. पण नळी धुवायला लागणारं ॲसिटोन, गरम पाणी, अल्ट्रासॉनिक आणि पाचशे अंशांची भट्टी या हिशेबात मी अजून कुठे पाहिलेली नाही. लोशनसाठी, मेयोनीजसाठी, रंगासाठी मेंब्रेन वापरा असं मला कोणी म्हणालं तर मी त्याला होमोजिनायझरवाल्यांकडे पाठवते. जपानमध्ये मोरिनागा या दूध कंपनीने याच काचेच्या नळ्यांनी कमी चरबीचं मार्जरिन केलं होतं, हे खरं; तिथे पाण्याचे सारखे थेंब चरबीत असण्याला चवीच्या आणि टिकण्याच्या दृष्टीने काही अर्थ होता. त्याहून मला पटलेला उपयोग मियाझाकीतलाच: यकृताच्या कर्करोगावरचं औषध खसखशीच्या आयोडीनयुक्त तेलाच्या थेंबांत भरून, धमनीतून थेट गाठीपर्यंत पोचवायचं. तिथे थेंब किती मोठा, यावर तो कुठल्या रक्तवाहिनीत जाऊन थांबणार हे ठरतं. जिथे थेंबाचा आकार हाच औषधाचा भाग आहे, तिथे एवढं धुणं परवडतं.

आमच्यासाठी वाट निघाली ती धातूच्या मेंब्रेनची. इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठात रिचर्ड होल्डिच यांच्या गटाने यावर बरंच काम केलेलं आहे. तिथूनच पुढे मायक्रोपोर ही कंपनी निघाली. पातळ धातूची चकती, तिच्यात वीस मायक्रॉनची भोकं, आणि दोन भोकांमध्ये दोनशे मायक्रॉन अंतर, अगदी रांगेत. हिशेब केला तर एक टक्काही जागा भोकांची नाही. पण सगळीच्या सगळी कामाला लावता येतात, कारण ऐंशीचा थेंब शेजाऱ्याला शिवतच नाही. छोट्या कामाला चकतीवर एक पातं फिरवायचं, मोठ्या कामाला नळीच्या रूपातलं मेंब्रेन आणि वाहतं पाणी. पात्याचा वेग वाढवला की थेंब लहान, कमी केला की मोठा. काचेच्या नळीत ही मुभा फारशी नव्हती. सर पहिल्यांदा खूश झाले ते तेव्हा. आमच्या मालाचा पहिला मोठा लॉट याच मार्गाने गेला.

फक्त धातूला पाणी काचेइतकं आवडत नाही. त्याला रात्रभर एका द्रावणात बुडवून पाणीप्रेमी करून घ्यावं लागतं, भट्टीची सोय नाही, निकेल असेल तर आम्लही लांब ठेवायचं, आणि भिंतीचा तो गुण बॅचगणिक हळूहळू उतरत जातो. म्हणजे धुणं कमी झालं नाहीच. वर माखणं आलं.

पुढे उत्पादनाच्या परवानगीसाठी ऑडिट झालं. ऑडिटर बाई शांत होत्या आणि सगळं वाचत होत्या, हे जास्त भीतीदायक. थेंब करायची कृती त्यांनी पटकन उलटली. धुण्याच्या कृतीवर मात्र बराच वेळ रेंगाळल्या. शेवटी विचारलं: मेंब्रेन स्वच्छ झालं हे तुम्ही कशावरून म्हणता? शेवटच्या धुवणाच्या पाण्यातलं सेंद्रिय कार्बन आम्ही मोजत होतो. त्या म्हणाल्या, ते पाण्याबद्दल झालं, मेंब्रेनबद्दल काय? मग आम्ही शुद्ध पाण्याची चाचणी दाखवली: ठरावीक दाबाला मिनिटाला किती पाणी आरपार जातं, नव्या मेंब्रेनशी तुलना. त्यांना आकडा मिळाला आणि त्यांनी खूण केली.

मी तिथेच गप्प बसायला हवं होतं असं आमच्या क्वालिटीवाल्यांचं अजून म्हणणं आहे. पण ती चाचणी छिद्रं मोकळी आहेत एवढंच सांगते. भिंत तेलकट असली तरी दाबाखाली पाणी जातंच. बुंदीच्या झाऱ्यातूनही जाईल. तेव्हा मी त्यांना काकांच्या थेंबाबद्दल सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “किती सेकंदांत?” काकांनी कधी सेकंद मोजले नव्हते. त्या आठवड्यात स्टॉपवॉच घेऊन नव्या, वापरलेल्या आणि मुद्दाम तेलकट केलेल्या नळ्यांवर आणि चकत्यांवर थेंब टाकत बसलो. धातू पाणी पीत नाही, त्यावर थेंब पसरतो; म्हणून काचेला पिण्याचा वेळ आणि धातूला पसरलेल्या थेंबाची रुंदी, अशा दोन मर्यादा ठरल्या. आज कृतीत पाण्याची चाचणी आणि थेंबाची चाचणी, दोन्ही आहेत. दोन्हींत पास झाल्याशिवाय मेंब्रेन जागेवर बसत नाही, आणि एकीत पास, दुसरीत नापास झालं तर बहुतेक वेळा नापास करणारा थेंबच असतो.